मुंडकं कापलेला फोटो

आमच्या घरच्या अल्बममध्ये एक फोटो आहे. महाबळेश्वरचा वेण्णा तलाव, मागे झाडी, पुढे मरून रंगाचा स्वेटर घातलेला एक तरुण ऐटीत उभा. सगळं कसं छान आलंय, फक्त त्या तरुणाला डोकं नाही. गळ्यापर्यंतच फोटो!

हा तरुण म्हणजे आमचे हे. साल २०००, महिना डिसेंबर. लग्नाला जेमतेम दहा दिवस झाले होते. मित्राकडून मागून आणलेला कॅमेरा, त्यात छत्तीस फोटोंचा रोल. छत्तीसपैकी पस्तीस फोटो यांनी काढले, एक मी काढला. तो हा असा. रोल धुऊन आला तेव्हा घरात जो हशा पिकला तो आजतागायत थांबलेला नाही. दर दिवाळीला अल्बम निघतो, नणंदा, भाचेकंपनी जमते आणि कुणीतरी म्हणतंच, "वहिनीने लग्नाच्या दहाव्या दिवशीच दादाचं मुंडकं छाटलं!" मीही हसते. खरंच हसू येतं हो.

पण मैत्रिणींनो, एक गोष्ट माझ्या लक्षात यायला पंचवीस वर्षं लागली. त्या फोटोनंतर मी परत कधी कॅमेऱ्याला हात लावला नाही. कुणी बंदी घातली होती का? मुळीच नाही. "तू राहू दे, मी काढतो" एवढंच वाक्य होतं, तेही प्रेमानं म्हटलेलं. आपल्या बायकांच्या आयुष्यातून कितीतरी गोष्टी अशाच प्रेमानं काढून घेतल्या जातात, नाही का? गाडी, बँकेचं काम, घरातला फ्यूज. "तू राहू दे."

यंदाच्या दिवाळीत आमचा मुलगा पुण्याहून आला तो एक खोकं घेऊनच. लग्नाला पंचवीस वर्षं होणार म्हणून त्याने आमच्यासाठी मॉरिशसची सहल ठरवली होती, आणि सहलीसाठी नवा कोरा कॅमेरा. साठेक हजारांचा! ऐकूनच माझ्या पोटात गोळा आला. मुलगा म्हणाला, "आई, बाबांना नीट समजावून सांगतो, तू काळजी करू नकोस." म्हणजे माझ्या पोटच्या पोरानेही गृहीतच धरलं होतं! आणि खरं सांगू? मीही गृहीत धरलं होतं. लक्ष्मीपूजनाला कॅमेऱ्याला हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी खोकं कपाटात गेलं. साड्यांच्या मागे.

यांची शाळा, बोर्डाचे फॉर्म, कामाचा रगाडा. दिवाळीची सुट्टी संपली तरी खोकं तसंच. एका दुपारी साडी काढताना ते दिसलं. घरात कुणी नव्हतं. मी दाराला कडी लावली आणि खोकं उघडलं. चोरी करत असल्यासारखी छाती धडधडत होती. स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच लग्नाच्या वाढदिवसाची भेट उघडताना!

पुस्तिकेत बघून बॅटरी चार्ज केली, बसवली, कॅमेरा चालू केला. चष्मा वर सरकवून डोळा लावला तर समोरची तुळस नुसती हिरवी धुरकट. सगळंच धूसर. माझ्या मनात पहिला विचार काय आला असेल? "कॅमेराच खराब निघाला" असा नाही आला. "मी हात लावला आणि बिघडला" असाच आला. खोकं बंद केलं, परत साड्यांमागे. दोन दिवस कुणाला काही बोलले नाही. जेवण गोड लागेना.

तिसऱ्या दिवशी धीर करून कॅमेरा पिशवीत घातला आणि आमच्या अमळनेरच्या एका जुन्या फोटो स्टुडिओत गेले. तिथले काका रोलच्या जमान्यापासून लग्नाचे फोटो काढतात. त्यांनी कॅमेरा हातात घेतला, डोळ्याला लावला, कडेचं हरभऱ्याएवढं चाक नखाने फिरवलं आणि मला म्हणाले, "ताई, आता बघा. आणि तुम्हीच फिरवा, स्पष्ट दिसेपर्यंत." फिरवलं. समोरच्या कॅलेंडरवरचे आकडे लख्ख दिसायला लागले.

"बिघडलं काही नव्हतं ताई. हे चाक आपल्या डोळ्याच्या नंबरासाठी असतं. चाळिशी लागलेल्या प्रत्येकाला लागतं."

त्या चाकाला डायॉप्टर म्हणतात हे नंतर कळलं. पण त्या क्षणी मला रडूच आलं. दोन दिवस जी अपराधी म्हणून वावरले, तिचा गुन्हा काय, तर तिला चाळिशी लागली होती! नवा कॅमेरा घेतला की आधी हे चाक शोधा. चष्मा लावून बघणार असाल तर चष्म्यासकट, नाहीतर चष्म्याशिवाय, पण एकदा आपल्या डोळ्याला जुळवून घ्या. मग पुढचं सगळं दिसायला लागतं.

त्या दिवशी मी ठरवलं, हा कॅमेरा मीच शिकणार. आणि शिकणार ते इथेच, घरी. मॉरिशसला गेल्यावर समुद्र समोर असताना पुस्तिका उघडून बसण्यात काय अर्थ आहे? नवी चप्पल घालून कुणी वारीला निघत नाही. आधी चार दिवस घरात घालून, जिथे चावते तिथे चावू देऊन, मगच लांबचा रस्ता.

रोज दुपारी एक तास. पहिला धडा बटणाचा. फोटोचं बटण एकदम दाबायचं नाही. आधी अर्धं दाबायचं, कॅमेरा नजर स्थिर करतो, चौकोन हिरवा होतो, मग उरलेलं दाबायचं. अर्धं दाबून थांबणं, हीच निम्मी विद्या आहे. डोकी का कापली जातात तेही कळलं. घाईने बटण दाबताना हात खाली जातो आणि आपण माणसाच्या चेहऱ्याकडे बघत असतो, चौकटीच्या कडांकडे नाही. आता मी आधी चारी कोपरे बघते, मग माणूस.

दुसरा धडा उजेडाचा. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे हे मला पटकन समजलं. भिंगाच्या आतली झडप म्हणजे नळाची तोटी. ती किती उघडायची ते एका आकड्याने ठरतं, आणि गंमत म्हणजे आकडा लहान तर तोटी मोठी. शटर म्हणजे तोटी किती वेळ चालू ठेवायची ते. हंडा भरायचा तर तोटी मोठी करा नाहीतर वेळ वाढवा. पण वेळ वाढवला की हात हलतो. माझा हात सेकंदाच्या साठाव्या भागापेक्षा जास्त वेळ स्थिर राहत नाही, हे मी तुळशीवर वीस फोटो वाया घालवून शिकले. सायकलवर जाणारं पोर पकडायचं तर पाचशेवा भाग लागतो. आयएसओ नावाचं तिसरं एक बटण आहे. त्याने अंधारातही फोटो येतो, पण फार वाढवलं की फोटोत रवा सांडल्यासारखे कण दिसतात. म्हणजे मीठच. लागतं, पण बेताने.

तिसरा धडा मला कापसाने शिकवला. नोव्हेंबरात आमच्या खानदेशात जिनिंगच्या आवारात कापसाचे ढीग लागतात. उन्हात डोळे दिपतात. मी हौसेने फोटो काढला, तर कापूस राखेसारखा करडा आला! स्टुडिओवाल्या काकांकडे गेले तर ते म्हणाले, "कॅमेऱ्याला पांढरं माहीत नसतं ताई. समोरचं सगळं जग मध्यम करड्या रंगाचं आहे असं धरूनच तो उजेड मोजतो. फार पांढरं दिसलं की तो दाबून टाकतो. तुम्ही त्याला सांगायचं, अधिक एक." अधिक-उणे खुणेचं बटण दाबून 'अधिक एक' केलं आणि कापूस कापसासारखा पांढरा झाला. याउलट काळी म्हैस, काळा दगड असेल तर उणे करायचं.

हे का सांगते? कारण मॉरिशसच्या किनाऱ्यावरची वाळू पांढरी असते. त्या वाळूवर, चमकत्या समुद्रापुढे, आपली सावळी माणसं उभी केली की चेहरे काळे येणार हे ठरलेलं. म्हणून मी सासूबाईंना कापसाच्या ढिगापुढे खुर्चीवर बसवून सराव केला! बिचाऱ्या तासभर बसल्या. म्हणाल्या, "लग्नातसुद्धा माझे एवढे फोटो निघाले नव्हते गं." खरंच होतं ते. सासूबाईंच्या लग्नाचा एकच फोटो घरात आहे आणि त्यात त्यांची मान खाली आहे.

आता थोडं माझ्या कामाबद्दल. जवळच्या खेड्यांतल्या एकट्या बायकांचे संजय गांधी निराधार योजनेचे अर्ज भरून देण्याचं काम मी आणि आमच्या बचत गटातल्या काही जणी करतो. अर्जाला पासपोर्ट आकाराचा फोटो लागतो. फोटोसाठी तालुक्याला यायचं म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडाली, वर एसटीचं भाडं. म्हटलं, चला, सराव होईल आणि कामही. एका खेड्यात मंदिराच्या भिंतीवर पांढरी चादर बांधली आणि अकरा जणींचे फोटो काढले.

सगळ्यांचे झाले, तशी साठीकडे झुकलेली एक आजी पुढे आली. म्हणाली, "हाऊ अर्धा फोटू सरकारले. आते मना आख्खा फोटू काढ व माय, मनी बकरीसंगे!" आणि धावत जाऊन बकरी घेऊन आली. पायातल्या चपला, हातातली दोरी, बकरी, मागे तिचं घर, असा तिचा 'आख्खा' फोटो मी काढला. तिच्या तोंडावरचं हसू बघून उरलेल्या दहा जणीही रांगेत उभ्या. कुणी सुनेबरोबर, कुणी चुलीपाशी, एक जण नुसतीच दारात, कमरेवर हात ठेवून.

त्या रात्री घरी येऊन मी पुस्तिकेत वाचलं, नवं कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करून घ्यावं. वाचलं तसं लगेच केलं. पुढचं वाक्य वाचायच्या आत! फॉरमॅट केलं की कार्डावरचं सगळं पुसलं जातं. अकरा जणींचे अर्धे, अकरा जणींचे आख्खे, बकरी, सगळं गेलं.

रात्रभर झोप लागली नाही. परत तेच, "तू राहू दे." यांना सांगितलं तर हे काही बोलले नाहीत, हे त्यातल्या त्यात बरं. सकाळी पहिल्या एसटीने त्या खेड्यात गेले आणि सगळ्यांसमोर सांगितलं, माझ्या हातून चूक झाली, फोटो पुसले गेले. क्षणभर शांतता. मग ती आजी म्हणाली, "मंग काय झायं? बकरी आठेच शे!" सगळ्या हसल्या, परत पावडर लागली, परत चादर बांधली. एकीची मजुरी त्या दिवशीही बुडाली, तिला मी काय देणार? ती रुखरुख अजून आहे. पण दुसऱ्या वेळचे फोटो पहिल्यापेक्षा चांगले आले, हेही खरं. ते सगळे छापून मी त्यांना नेऊन दिले. तेव्हापासून नियम एकच, फोटो दोन ठिकाणी साठवल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. ही चूक घरी झाली म्हणून दुसरी एसटी मिळाली. परदेशात झाली असती तर?

मॉरिशसविषयी वाचायला घेतलं तेव्हा या फोटोंची आठवण वेगळ्या कारणाने झाली. १८३४ पासून इंग्रजांनी हिंदुस्थानातून करारावर मजूर तिथे उसाच्या मळ्यांत नेले. साडेचार लाखांहून अधिक माणसं गेली. मुंबई बंदरातून आपली कोकणातली माणसंही गेली. त्यांची नातवंडं-पणतवंडं आज तिथे मराठी म्हणून ओळखली जातात आणि गणेश चतुर्थीला तिथे सार्वजनिक सुट्टी असते. ही माणसं जिथे उतरली तो पोर्ट लुईचा आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे. त्याच्या दगडी पायऱ्या आजही आहेत.

१८६० च्या दशकात तिथल्या सरकारने या मजुरांना फोटो लावलेलं ओळखपत्र बाळगण्याची सक्ती केली. ते नसेल तर रस्त्यात पकडत. ते फोटो मोकाच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवलेत. त्यांत बायकाही आहेत. त्यांतल्या कितीतरी जणींचा आयुष्यातला तो एकच फोटो असेल, आणि तोही सरकारने काढलेला. 'अर्धा'. तिला कुणी विचारलं असेल का, बाई, तुझा आख्खा फोटो कसा काढू?

म्हणून मी ठरवलंय, तिथे कुणाचाही फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. भाषा येत नाही तर कॅमेरा दाखवून, हसून, खुणेने विचारायचं. आणि काढला की लगेच पडद्यावर त्या माणसाला दाखवायचा. त्या खेड्यात मी तेच शिकले.

कॅमेरा बायकांच्या हाती यायला वेळच लागला आहे. होमाई व्यारावाला यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. नवसारीला १९१३ साली जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या या पारशी बाई देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. साडी नेसून, जड कॅमेरा खांद्याला लावून त्यांनी स्वातंत्र्याचे दिवस टिपले. पण त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून यायचे ते पतीच्या नावाने! २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं, तेव्हा त्या सत्त्याण्णव वर्षांच्या होत्या. त्यांच्या पासंगालाही मी पुरणार नाही. पण साडीत कॅमेरा सांभाळता येतो, हे त्यांनी कधीच दाखवून ठेवलंय.

तुमच्याकडे कॅमेरा नसेल, मोबाईलच असेल, तरी बिघडत नाही. कोपरे बघणं, उजेड ओळखणं, विचारून फोटो काढणं, हे सगळं मोबाईललाही तसंच लागू. आणि परदेशच कशाला, शेगावला निघाला असाल तरी आधी चार दिवस घरी सराव करा.

पुढच्या आठवड्यात निघायचं. काल संध्याकाळी मी गच्चीवर बॅटरी तपासत होते, तर हे वर आले. थोडा वेळ नुसते बघत उभे राहिले. मग म्हणाले, "मला पण शिकव की जरा. तुझे फोटो तिकडे कोण काढणार?"

पंचवीस वर्षांत हे मला सुचलंच नव्हतं. मी म्हटलं, "शिकवते. आधी तुम्ही उभे राहा." डोंब्या उन्हात ते कठड्यापाशी उभे राहिले. मी चारी कोपरे बघितले, बटण अर्धं दाबलं, थांबले, मग उरलेलं दाबलं.

लगबगीने जवळ येत यांनी विचारलं, "मुंडकं आलं का?"

आलं. आख्खं आलं. थोडं पांढरं झालंय, एवढंच.

निघण्यापूर्वी एवढं बघा

• जादा बॅटऱ्या आणि पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकू नका. विमानात त्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात. बॅटरीच्या टोकांवर चिकटपट्टी लावा किंवा प्रत्येक बॅटरी वेगळ्या पिशवीत ठेवा.

• चार्जरवर १००-२४० व्होल्ट असं छापलंय का बघा. असेल तर तो बहुतेक सगळीकडे चालतो, फक्त पिन बदलते. मॉरिशसमध्ये चौकोनी तीन पिनांचे आणि गोल दोन पिनांचे प्लग चालतात. अडॅप्टर इथूनच घ्या.

• घड्याळ लावा. मॉरिशस आपल्यापेक्षा दीड तास मागे आहे. कॅमेऱ्यातली वेळ बदलली की नंतर कुठला फोटो कधीचा ते कळतं.

• एका मोठ्या कार्डापेक्षा दोन मध्यम कार्डं बरी. एक हरवलं तरी निम्मी सहल हाती राहते.

• भिंग पदराने पुसू नका आणि तोंडाने फुंकरही मारू नका. रबरी फुंकणी आणि मऊ कापड वापरा. किनाऱ्यावर वारा असताना भिंग बदलू नका. वाळूचा एक कण पुरे होतो.

• एसीच्या खोलीतून दमट हवेत आलं की भिंगावर वाफ धरते, चहा पिताना चष्म्यावर धरते तशी. कॅमेरा अर्धा तास पिशवीतच राहू द्या.

• कॅमेऱ्याचं बिल जवळ ठेवा. वस्तू महाग असेल तर जाताना विमानतळावर कस्टमकडे तिची नोंद करून प्रमाणपत्र घेता येतं. परतताना "हा तिकडे घेतला का" या प्रश्नाला तेच उत्तर.